गेलेला दात आणि रोवलेला दात

‘दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. म्हण नशिबाविषयी आहे, दातांविषयी नाही. परंतु ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने म्हातारपण जवळून पाहिलेले असले पाहिजे. ऐन उमेदीत हातात पैसा नसतो, आणि चार पैसे गाठीला लागून स्वस्थ बसून खाण्याचे दिवस येतात तेव्हा तोंडाचे बोळके झालेले असते. १९५१ च्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहेतीस वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे. तरीही साठीनंतर वीस-वीस वर्षे जगणारी माणसे आज घरोघरी दिसतात, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. ही वीस वर्षे पेज आणि मऊ भात यांवर काढावयाची, की भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि मूठभर दाणे खाऊन काढावयाची, हा प्रश्न हौसेचा नाही, आरोग्याचा आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळाले आहे. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवावयाचा व त्यावर दात चढवावयाचा. यालाच दंतरोपण किंवा ‘इम्प्लांट’ म्हणतात. त्याच्या जाहिराती शहरातील चौकाचौकांत लागलेल्या दिसतात, आणि त्या वाचून लोक आम्हा दंतवैद्यांना तीन प्रश्न विचारतात. हाडात धातू घातला तर तो टिकतो कसा? तो कोणाला घालावा व कोणाला घालू नये? आणि एकदा घातला म्हणजे जन्माची काळजी मिटली का? या तीन प्रश्नांची उत्तरे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे. मात्र त्यासाठी आरंभ थोडा मागून, म्हणजे मूळच्या दातापासून केला पाहिजे.

दात हा भिंतीत खिळा ठोकावा तसा जबड्यात ठोकलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक अगदी बारीक फट असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी. या फटीत हजारो चिवट तंतू एका बाजूने मुळाला व दुसऱ्या बाजूने हाडाला गुंतलेले असतात. बाजेचे सुंभ चौकटीला ताणून बांधलेले असावे आणि त्यावर माणूस निजावा, त्याप्रमाणे आपला प्रत्येक दात या तंतूंवर झोके घेत असतो. चावताना येणारा दाब हे तंतू झेलतात आणि हाडाला वाटून देतात. शिवाय या तंतूंत संवेदनेचे ज्ञानतंतू असतात. भातात वाळूचा बारीकसा कण आला, अगदी केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, तरी तो आपल्याला तात्काळ कळतो आणि जबडा आपोआप थांबतो, तो या पहारेकऱ्यांमुळेच. रोपण केलेल्या दाताचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट हाडाची. दाताभोवतीचे हाड हे दातासाठीच असते. दात फुटतो तेव्हा ते वाढते, दातावर दाब येतो तोवर ते मजबूत राहते आणि दात गेला की त्याचे प्रयोजन संपते. भाडेकरू गेल्यावर ओस पडलेले घर जसे ढासळू लागते, तसे ते झिजू लागते. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होते, आणि त्यातली बहुतेक झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. एवढ्यावरच हे थांबत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. वरचा दात गेला तर खालचा, आणि खालचा गेला तर वरचा, आधार हरवल्यामुळे हळूहळू बाहेर सरकतो. फटींत अन्न अडकते, कीड लागते, आणि एका दाताची गोष्ट चार दातांची होते. सगळेच दात गेले तर दोन्ही जबडे इतके खंगतात की हनुवटी नाकाकडे येऊ लागते, ओठ आत जातात आणि पन्नाशीचे माणूस सत्तरीचे दिसू लागते. ‘एक दाढ गेली तर काय बिघडले?’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

गेलेल्या दातांवर आजवर दोन उपाय होते, कवळी आणि पूल. यांतील कवळीचे उपकार फार मोठे आहेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्य देशांत कवळ्या हस्तिदंताच्या, सोन्याच्या आणि क्वचित मेलेल्या माणसांच्या दातांच्या करीत, व त्या फक्त श्रीमंतांना परवडत. १८५० नंतर गंधक घालून कडक केलेले रबर आले आणि कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुढे १९३० नंतरच्या दशकात ॲक्रिलिक आले; आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. वरची कवळी टाळूच्या रुंद पृष्ठभागावर चिकटून राहते, म्हणून ती बहुधा बरी बसते. खालच्या कवळीला मात्र घोड्याच्या नालासारखी अरुंद जागा मिळते, त्यात जीभ तिला आतून ढकलते आणि गाल बाहेरून. जसजसे हाड झिजते तसतशी ती अधिकच सैल होते. पूर्ण कवळी लावणाऱ्या माणसाची चावण्याची शक्ती मूळ दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच राहते. म्हणूनच कवळी लावणारी आजीबाई पेरू किसून खाते, दाण्यांचे कूट करते, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करते आणि लग्नाच्या पंगतीत कवळी पडेल या धास्तीने हसणेसुद्धा आवरते. यात तिचा दोष नाही, आणि पुष्कळदा कवळी करणाऱ्याचाही नसतो. दोष आहे तो खाली आधार नसण्याचा.

पुलाची गोष्ट निराळी. मधला दात गेला असता शेजारच्या दोन दातांना घासून त्यांवर टोप्या चढवावयाच्या व त्यांच्या आधारे मधला दात टांगावयाचा, अशी त्याची रचना. तो घट्ट बसतो, चांगला चावतो आणि थोड्या दिवसांत होतो. परंतु त्यासाठी दोन निरोगी दातांची झीज करावी लागते, आणि पुलाखालचे हाड झिजावयाचे ते झिजतेच. शेवटची दाढ गेली असेल तर पलीकडचा खांबच नाही; मग साधा पूल बांधणार कसा?

तेव्हा दाताला मूळच का देऊ नये, ही कल्पना माणसाच्या मनात आली यात आश्चर्य नाही. ती फार जुनी आहे. १९३१ साली मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात माया लोकांच्या काळातील एक खालचा जबडा उत्खननात सापडला. तो सुमारे इ. स. ६०० च्या काळातील मानला जातो. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दातासारखे घडवलेले तुकडे बसवलेले होते. हे तुकडे मृत्यूनंतरचा संस्कार म्हणून बसवले असावेत, असे प्रथम वाटले. १९७० साली त्या जबड्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा तुकड्यांभोवती हाड भरून आलेले दिसले. म्हणजे ते जिवंत माणसाच्या जबड्यात बसवले होते. विसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रीनफील्ड याने १९१३ च्या सुमारास इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पोकळ जाळी हाडात बसवून पाहिली. पुढे १९३० नंतर बोस्टन येथे स्ट्रॉक बंधूंनी कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. यांतील काही दीर्घकाळ टिकले, पण बहुसंख्य प्रयोगांचा शेवट सारखाच झाला. पायात काटा मोडला की शरीर त्याभोवती आवरण करून त्याला वेगळा पाडते. तसेच धातूभोवती मऊ तंतूंचे आवरण येई, स्क्रू हलू लागे आणि अखेर काढावा लागे. शरीर परक्या वस्तूला हाडात थारा देत नाही, असाच सिद्धांत त्यामुळे रूढ झाला होता.

हा सिद्धांत मोडला तो एका अशा माणसाने, की जो दंतवैद्य नव्हता आणि दातांचा विचारही करीत नव्हता. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक १९५२ साली लुंड येथे सशांच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होता. जिवंत हाडातले रक्त सूक्ष्मदर्शकातून पाहता यावे म्हणून त्याने टिटॅनियम धातूची एक लहानशी डबी करून घेतली व ती सशाच्या हाडात बसवली. निरीक्षण संपल्यावर ती काढून दुसऱ्या प्रयोगात वापरावी असा त्याचा विचार होता. पण डबी निघेना! हाड धातूला इतके घट्ट धरून बसले होते की ते मोडल्यावाचून डबी सुटणे शक्य नव्हते. दुसरा कोणी असता तर त्याने चरफडून नवी डबी करविली असती. ब्रोनेमार्कने हीच अडचण अभ्यासाचा विषय केली. पुढे गोथेनबर्ग येथे त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १९६५ साली जबड्याच्या जन्मजात व्यंगाने त्रस्त असलेल्या एका रुग्णाच्या खालच्या जबड्यात टिटॅनियमचे चार स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ साली वारला, तोपर्यंत ते स्क्रू त्याच्या तोंडात काम देत होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक!

असे असूनही या शोधाला मान्यता सहजासहजी मिळाली नाही. स्वीडनमधील दंतवैद्यकाच्या प्राध्यापकांनीच त्याला वर्षानुवर्षे विरोध केला, आणि आधीच्या फसलेल्या प्रयोगांचा अनुभव पाहता तो अगदी अनाठायी होता असेही म्हणता येणार नाही. ब्रोनेमार्कने आपल्या रुग्णांचा दहा वर्षांचा वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध केला. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांनी हा पुरावा तपासला, आणि तेथून या विद्येचा जगभर प्रसार झाला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बर्न येथे श्रोडर यानेही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले होते. हाड आणि धातू यांच्या या थेट जुळणीस ब्रोनेमार्कने ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले. आपण तिला अस्थिसंधान म्हणू.

आता हे अस्थिसंधान टिटॅनियमशीच का होते? हा धातू तसा आपल्याला अगदीच परका नाही. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला एका काळ्या वाळूत तो प्रथम आढळला. १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लापरोट याने त्याला ग्रीक पुराणांतील टायटनांचे नाव दिले. ग्रेगरच्या काळ्या वाळूतील खनिजाला आज इल्मेनाइट म्हणतात, आणि तेच इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे. या धातूचा विशेष असा की त्याला हवा लागली की क्षणार्धात त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. हा पापुद्रा केसाच्या जाडीच्या दहा-पंधरा हजाराव्या हिश्श्याइतका पातळ असतो, पण विलक्षण टिकाऊ असतो. ओरखडा पडला तरी तत्काळ पुन्हा भरून येतो. शरीराचा संबंध येतो तो या निरुपद्रवी पापुद्र्याशी, खालच्या धातूशी नव्हे. लोखंड शरीरात गंजते, तांबे विषारी ठरते. टिटॅनियम मात्र गुण्यागोविंदाने राहते. त्यामुळे शरीर त्याला हुसकावण्याच्या खटाटोपात पडत नाही, आणि जखम भरताना हाडाच्या पेशी थेट त्याच्या अंगावर हाड रचू लागतात.

पण हे होण्यास एक अट आहे, आणि ती म्हणजे स्वस्थता. हात मोडला असता आपण प्लास्टर का घालतो? हाडाची टोके हलली तर ती जुळत नाहीत, मध्ये मऊ तंतू भरतात. येथेही तेच. हाड भरत असताना स्क्रू सुमारे दीडशे मायक्रॉनपेक्षा, म्हणजे दोन केसांच्या जाडीपेक्षा अधिक हलला, तर हाडाऐवजी तंतू येतात आणि सारा खटाटोप वाया जातो. यात आणखी एक मौज अशी की स्क्रू बसवल्या दिवशी घट्ट असतो, पण दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास त्याची पकड काहीशी सैल होते. कारण भोवतालचे दुखावलेले जुने हाड शरीर काढून टाकते आणि नवे अजून पुरते तयार झालेले नसते. रुग्णाला नेमके याच वेळी वाटते की आता दुखत नाही, चावून पाहावे! तो मोह आवरला पाहिजे. ब्रोनेमार्क खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या मऊ हाडाच्या जबड्यात सहा महिने थांबत असे. पुढे स्क्रूचा पृष्ठभाग खरखरीत करण्याची युक्ती निघाली. त्यावर हाड लवकर धरते, आणि चांगल्या हाडात आता दीड-दोन महिन्यांतही काम भागते.

प्रत्यक्ष कृतीची लोकांना फार भीती असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. प्रथम तोंडाची तपासणी आणि क्ष-किरण चित्र. हाडाची उंची व रुंदी मोजण्यासाठी आता जबड्याचा त्रिमिती स्कॅन काढतात, आणि तो काढलेला बरा. कारण खालच्या जबड्यातून एक नस जाते, ती खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवते. तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर दूर राहावे लागते, नाही तर ओठ बधिर राहण्याचा धोका असतो. वरच्या दाढांच्या डोक्यावर हवेची पोकळी असते, तिचाही अंदाज घ्यावा लागतो. तेथे हाड कमी असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते. नंतर दात काढताना देतात तसेच बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन हिरडी उघडतात आणि बारीक गिरमिटाने भोक पाडून ते क्रमाक्रमाने मोठे करतात. हे काम सावकाश आणि थंड क्षारजलाची धार सोडून करावे लागते. हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सियसच्या वर गेले तरी हाडाच्या पेशी दगावतात. मग साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा स्क्रू त्यात पिळून बसवतात. एवढे झाल्यावर हाड भरण्याची वाट पाहावयाची. नंतर स्क्रूवर एक लहान खांब आणि खांबावर दात, असे हे तीन मजली काम पुरे होते. त्रास म्हणाल तर साध्या रोपणात तो दाढ काढण्याच्या त्रासापेक्षा सहसा अधिक नसतो.

बत्तीस दात गेले तर बत्तीस स्क्रू बसवावे लागतात, असे मात्र नाही. संपूर्ण जबड्याचे दात चार किंवा सहा स्क्रूंवर उभे राहू शकतात. त्याहून महत्त्वाची, आणि आमच्या मते निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगी, आणखी एक तोड आहे. खालच्या जबड्यात पुढे केवळ दोन स्क्रू बसवावयाचे आणि कवळीला आतून बटणासारखे खटके करून ती त्यांवर अडकवावयाची. कवळी रात्री काढता येते, पण दिवसा डगमगत नाही. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असा अभिप्राय दिला की, खालच्या बोळक्या जबड्यासाठी ही दोन स्क्रूंची कवळी हाच पहिल्या पसंतीचा उपाय मानावा. खर्च त्या मानाने बराच कमी, आणि फरक मात्र जमीन-अस्मानाचा.

‘तीन दिवसांत दात’ अशा जाहिरातींविषयी लोक विचारतात. ही गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. हाड उत्तम असेल, स्क्रूची पहिली पकड भक्कम असेल आणि अनेक स्क्रू एकमेकांना जखडून टाकता येत असतील, तर त्यांवर लगेच दात चढवता येतात. परंतु ही निवडक रुग्णांची गोष्ट आहे. हाड भरण्यास लागणारा वेळ कोणाच्याही जाहिरातीने कमी होत नाही. केवळ त्या वेळात स्क्रू हलणार नाही अशी तजवीज केलेली असते. तशी तजवीज आपल्या तोंडात होऊ शकते का, हे तपासणीनंतरच सांगता येते, फलकावरून नव्हे.

आता कोणाला रोपण करू नये, किंवा जपून करावे, ते पाहू. म्हातारपण ही अडचण नव्हे. ऐंशी वर्षांच्या निरोगी माणसाच्या हाडातही स्क्रू धरतो. अडचण आहे ती उलट टोकाला. वाढत्या वयाच्या मुलांत रोपण करू नये, कारण जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात, आणि स्क्रू मात्र जागच्या जागी राहून त्यावरचा दात बुटका दिसू लागतो. मधुमेह असेल तर तो आधी ताब्यात आणला पाहिजे. आटोक्यात असलेला मधुमेह आड येत नाही, मोकाट सुटलेला येतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगासाठी काही औषधे देतात, त्यांच्यामुळे जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका संभवतो. ही गोष्ट २००३ पासून दंतवैद्यांच्या ध्यानात आली आहे. जबड्यावर किरणोपचार झालेले असतील तरीही सावधगिरी हवी. तेव्हा आपण घेत असलेली सर्व औषधे, अगदी आठवड्यातून वा वर्षातून एकदा घेतलेलीसुद्धा, दंतवैद्याला सांगितली पाहिजेत.

आणि तंबाखू! धूम्रपान करणाऱ्यांत स्क्रू निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते. आपल्याकडे तंबाखूची रूपे अनेक. कोणी चुना लावून मळतो, कोणी गुटखा खातो, आणि कित्येक घरांतील स्त्रिया दात घासण्याच्या नावाखाली सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्यांचा मात्र नाश होतो. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण सवय कायद्याने एका दिवसात सुटत नाही. सुपारी व गुटखा यांमुळे गालाची आतली त्वचा दोरखंडासारखी आवळते आणि तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा तोंडात दाढेच्या जागी गिरमिट जाणार कोठून? अशा रुग्णाला आधी कर्करोगाची तपासणी हवी असते, दात नंतर.

तिसरा प्रश्न राहिला, जन्माची काळजी मिटण्याचा. काळजीपूर्वक केलेली रोपणे दहा वर्षांनंतर शंभरात पंचाण्णवच्या आसपास जागेवर असतात. हा आकडा खरोखर उत्तम आहे. पण जागेवर असणे निराळे आणि निरोगी असणे निराळे. स्क्रूला कीड लागत नाही हे खरे. त्याच्या भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला मात्र रोग होऊ शकतो. आपल्याकडे ज्याला लोक पायोरिया म्हणतात त्याचाच हा भाऊ. रोपण केलेल्यांपैकी पाचात एकाला काही वर्षांत या रोगाची बाधा होते, असे पाहण्यांत आढळले आहे. याचे कारण पुन्हा त्या तंतूंत आहे. मूळ दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. ते जंतूंची वाट अडवतात. टिटॅनियममध्ये ते रुतत नाहीत, केवळ त्याच्या बाजूने उभे राहतात; तटबंदी कच्ची राहते. शिवाय येथे पहारेकरीही नाहीत. मूळ दात ठणकून आपल्याला हाक मारतो. रोवलेला दात मुका असतो. आतून हाड खंगत गेले तरी पुष्कळ काळ काहीच दुखत नाही. म्हणून रोवलेल्या दाताला मूळ दातापेक्षा कमी नव्हे, अधिक जपावे लागते. रोज दोन वेळा ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश किंवा दोरा, आणि वर्षातून एकदोनदा दंतवैद्याकडून तपासणी व सफाई, हा नेम ज्याला पाळता येणार नाही त्याने या खर्चात न पडलेले बरे.

यातूनच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट निघते. रोपणाची तुलना नेहमी रिकाम्या जागेशी केली पाहिजे, जिवंत दाताशी नव्हे. रिकाम्या जागेपेक्षा रोवलेला दात कितीतरी पटींनी चांगला. परंतु वाचवता येणारा स्वतःचा दात काढून तेथे रोवलेला दात बसवणे हा सौदा बहुधा तोट्याचा असतो. मुळापर्यंत किडलेला दातही मुळाची नळी साफ करून, म्हणजे ज्याला सर्वजण रूट कॅनाल म्हणतात ते करून, वाचवता येतो, आणि असे दात रोवलेल्या दातांच्या तोडीस तोड वर्षे टिकतात. हिरड्यांच्या रोगाने किंचित हलणारे दातही उपचाराने पुष्कळदा स्थिर होतात. ‘रोज रोज कटकट नको, काढून टाका आणि नवे बसवा’ असे म्हणणारे रुग्ण आम्हाला भेटतात. ज्या हिरड्यांनी मूळचे दात घालवले त्याच हिरड्यांत नवे रोवावयाचे आहेत, हे ते विसरतात. सवय बदलली नाही तर नव्याचीही तीच गत होते.

म्हणून रोपणाचा निर्णय घेण्यापूर्वी आपण आपल्या दंतवैद्याला काही गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. हा दात वाचणे अशक्य आहे का? पूल किंवा कवळी केली तर काय होईल? हाडाची भर घालावी लागणार का, आणि वरच्या दातासकट एकूण खर्च किती? वसवलेल्या स्क्रूचा निर्माता कोण आणि माप काय, याची लेखी नोंद मिळेल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो; पण वीस वर्षांनी वरचा खांब बदलावा लागला तर त्याच जातीचा सुटा भाग लागतो, आणि ती नोंद हाताशी नसेल तर मोठी पंचाईत होते. चांगला दंतवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. तेथे वेळ लागतो, पण खाजगी दवाखान्याच्या मानाने भार हलका पडतो.

शेवटी घरातील कर्त्या मंडळींना एक विनंती. ‘आता या वयात दात कशाला?’ हे वाक्य आपल्या घरांतून फार सहज बोलले जाते, आणि विशेषतः घरातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तर त्या स्वतःच ते बोलून मोकळ्या होतात. परंतु ज्याला चावता येत नाही तो कोशिंबीर, फळे, डाळी-उसळी, दाणे हळूहळू सोडतो आणि भात, चहा-बिस्किटे यांवर येतो. त्याची शक्ती जाते, चारचौघांत जेवण्याची लाज वाटू लागते, आणि मग तो पंगतीतूनच उठतो. म्हातारपणी माणूस एकटा पडण्याची सुरुवात कित्येकदा तोंडातून होते. प्रत्येकाला रोपणच हवे असे नाही. कोणाला चांगली बसणारी कवळी पुरेल, कोणाला दोन स्क्रूंचा आधार लागेल, कोणाला पूल. पण काहीतरी केले पाहिजे, आणि दात गेल्यापासून जितक्या लवकर करता येईल तितके हाड अधिक शिल्लक असते. ज्यांचे दात अजून शाबूत आहेत त्यांनी ते राखावेत. चणे मिळवणे आपल्या हाती असो वा नसो, दात राखणे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे.